न्यायमूर्तींच्या मालमत्तेचे पान : एका कर सल्लागाराचा अभिप्राय

२०१६ च्या हिवाळ्यात आमच्या तालुक्याच्या गावी नगरपालिकेची निवडणूक होती आणि माझ्याकडे नेहमीप्रमाणे शपथपत्रे भरून घेणाऱ्या उमेदवारांची गर्दी होती. मी कर सल्लागार आहे. विवरणपत्रे भरणे हा रोजचा व्यवसाय आणि निवडणूक आली की स्थावर-जंगम मालमत्तेचे रकाने भरून देणे हे त्याला जोडून येणारे काम. एका उमेदवाराच्या पत्नीला आपल्या मंगळसूत्राचे आणि पाटल्यांचे नेमके वजन ठाऊक नव्हते, म्हणून मी तिला सराफाकडे पाठवले. तासाभराने ती परत आली, वजनाची चिठ्ठी माझ्या टेबलावर ठेवली आणि म्हणाली, "साहेब, गटारीचा ठराव करणाऱ्याला बायकोच्या गळ्यातलं वजन लिहून द्यावं लागतं. मग आमच्या जमिनीचा निकाल देणारे न्यायाधीश कुठं लिहून देतात?" त्यांच्या घरचा वाटपाचा दावा तेव्हा उच्च न्यायालयात दुसऱ्या अपिलात पडून होता, त्यामुळे हा प्रश्न सहज विचारलेला नव्हता. उच्च न्यायालयातले आपल्या मुख्य न्यायमूर्तींना लिहून देतात आणि सर्वोच्च न्यायालयातले सरन्यायाधीशांना, असे मी तिला सांगितले. "आणि आपल्याला?" या तिच्या पुढच्या प्रश्नाला त्या दिवशी माझ्याकडे उत्तर नव्हते.

आज त्या प्रश्नाचे अर्धे उत्तर सर्वोच्च न्यायालयाच्या संकेतस्थळावर आहे. न्यायाधीशांच्या मालमत्तेची निवेदने तेथे ५ मे २०२५ पासून कोणालाही, कसलाही अर्ज न करता आणि एक पैसाही न भरता वाचता येतात. हॉटेल, मोबाईल, बँकेचे अ‍ॅप यांचे अभिप्राय आपण लिहितो. नागरिकांना दिलेल्या या सेवेचा अभिप्रायही त्याच काळजीने लिहिला पाहिजे असे मला वाटते, कारण ती वापरणारे लोक वाढले तरच ती टिकेल आणि सुधारेल. मी ही निवेदने एखाद्या अशिलाची कागदपत्रे तपासावीत तशी वाचली आहेत, आणि पुढचे मत त्या वाचनावर आधारलेले आहे.

प्रथम काय मिळते ते सांगतो. न्यायाधीशांच्या नावांसमोर त्यांनी दिलेल्या निवेदनाची पीडीएफ प्रत उघडते. पहिल्या दिवशी तेव्हाच्या ३३ न्यायाधीशांपैकी २१ जणांची निवेदने प्रसिद्ध झाली आणि उरलेली हाती येतील तशी चढवली जातील असे न्यायालयाने जाहीर केले. त्या वेळचे सरन्यायाधीश संजीव खन्ना यांचे निवेदन मी सर्वांत आधी उघडले. मुदत ठेवी आणि बँकेतील शिल्लक मिळून सुमारे ५५ लाख ७५ हजार रुपये, सार्वजनिक भविष्य निर्वाह निधीत एक कोटीहून अधिक, दक्षिण दिल्लीत डीडीएची (दिल्ली विकास प्राधिकरणाची) तीन शयनगृहांची सदनिका, राष्ट्रकुल क्रीडाग्रामात चार शयनगृहांची दुसरी, २५० ग्रॅम सोने, दोन किलो चांदी आणि २०१५ ची मारुती स्विफ्ट. शेअर्सची रक्कम होती १४ हजार रुपये. गुरुग्राममधील एका सदनिकेत त्यांचा हिस्सा ५६ टक्के आणि मुलीचा ४४ टक्के, असेही त्यात स्पष्ट होते. हा शेवटचा तपशील कदाचित सामान्य वाचकाच्या नजरेतून सुटेल, पण माझ्यासारख्याला तो फार बोलका वाटतो. संयुक्त नावावरच्या घरात कोणाचा किती हिस्सा आहे हे आमचे निम्मे अशील सांगू शकत नाहीत, "दोघांचं आहे" एवढ्यावर थांबतात. येथे देशाच्या सरन्यायाधीशांनी टक्केवारीसह लिहून दिले आहे. कागद मनापासून भरला आहे की उरकला आहे हे अशाच जागी कळते.

मराठी वाचकाला अधिक जवळचे वाटेल ते न्यायमूर्ती भूषण गवई यांचे निवेदन. अमरावतीचे वडिलोपार्जित घर, मुंबईत वांद्रे येथील सदनिका, दिल्लीत डिफेन्स कॉलनीतील सदनिका, अमरावती आणि नागपूर जिल्ह्यांतील वारसाने आलेली शेतजमीन, आणि त्याबरोबर डोक्यावरची देणी. ते १४ मे २०२५ रोजी सरन्यायाधीश झाले, म्हणजे पद स्वीकारण्याच्या नऊ दिवस आधीच हा हिशेब लोकांपुढे होता. 'वारसाने' हा शब्द येथे महत्त्वाचा आहे. मालमत्ता किती यापेक्षा ती कशी आली हे कळणे हा अशा निवेदनाचा खरा उपयोग असतो. वडिलांच्या पश्चात फेरफार होऊन नावावर चढलेली जमीन आणि पदावर असताना विकत घेतलेली जमीन यांची किंमत सारखी असली तरी त्यांचा अर्थ सारखा नसतो.

याच कारणासाठी मला न्यायमूर्ती के. व्ही. विश्वनाथन यांचे निवेदन सर्वांत परिपूर्ण वाटले. त्यांच्या गुंतवणुकी सुमारे १२० कोटी रुपयांच्या आहेत, आणि वृत्तवाहिन्यांनी तेवढाच आकडा उचलून धरला. परंतु त्याच निवेदनात त्यांनी २०१०-११ पासून २०२४-२५ पर्यंत भरलेला प्राप्तिकर दिला आहे, तो सुमारे ९१ कोटी रुपये. ते २०२३ मध्ये वकिलीतून थेट सर्वोच्च न्यायालयात आले. त्याआधी ज्येष्ठ वकील म्हणून त्यांनी काय कमावले आणि त्यावर किती कर भरला हे शेजारी-शेजारी ठेवले की १२० कोटींचा आकडा समजण्यासारखा होतो. कोणीही सक्ती केलेली नसताना त्यांनी हे केले. संपत्ती मोठी असण्यात काही गैर नाही, तिचा उगम सांगता आला पाहिजे, हे सूत्र आम्ही करदात्यांना वर्षानुवर्षे सांगतो; ते इतक्या वरच्या जागी पाळलेले पाहून मला मनापासून समाधान वाटले.

हे पान येण्याआधी तेथे काय होते हे आठवले म्हणजे या समाधानाचे कारण कळेल. २०२५ च्या आरंभापर्यंत त्याच संकेतस्थळावर सरन्यायाधीशांकडे मालमत्ता घोषित केलेल्या न्यायाधीशांची फक्त नावे होती. कोणी घोषित केले ते कळे, काय घोषित केले ते कळत नसे. या बंद दाराचा इतिहास १९९७ पासूनचा आहे. त्या वर्षी ७ मे रोजी, जगदीश शरण वर्मा सरन्यायाधीश असताना, सर्वोच्च न्यायालयाच्या सर्व न्यायाधीशांच्या बैठकीने ठराव केला की प्रत्येक न्यायाधीशाने स्वतःच्या, पती वा पत्नीच्या आणि अवलंबून असलेल्या व्यक्तींच्या नावावरील स्थावर मालमत्ता व गुंतवणुकी पद स्वीकारल्यापासून वाजवी मुदतीत सरन्यायाधीशांना कळवाव्यात, आणि पुढे मोठी खरेदी झाली की तीही कळवावी. ठराव चांगला होता. मात्र कळवलेली माहिती गोपनीय राहणार होती.

दहा वर्षांनी, नोव्हेंबर २००७ मध्ये, दिल्लीचे माहिती अधिकार कार्यकर्ते सुभाषचंद्र अग्रवाल यांनी एक अर्ज केला. त्यांनी कोणाच्या घराची किंमत विचारली नव्हती. त्या ठरावाप्रमाणे न्यायाधीशांनी निवेदने दिली आहेत का, एवढेच विचारले होते. होय किंवा नाही असे उत्तर असलेला हा प्रश्न बारा वर्षे चालला. केंद्रीय माहिती आयोगाने जानेवारी २००९ मध्ये माहिती द्यायला सांगितले. सर्वोच्च न्यायालयाचे माहिती अधिकारी दिल्ली उच्च न्यायालयात गेले, तेथे सप्टेंबर २००९ मध्ये न्यायमूर्ती एस. रवींद्र भट यांच्यासमोर आणि जानेवारी २०१० मध्ये तीन न्यायाधीशांच्या पीठासमोर हरले. त्या पीठाचे प्रमुख अजित प्रकाश शहा हे पूर्वी आपल्या मुंबई उच्च न्यायालयात न्यायमूर्ती होते. मग सर्वोच्च न्यायालयाचे अपील सर्वोच्च न्यायालयातच आले, आणि १३ नोव्हेंबर २०१९ रोजी पाच न्यायाधीशांच्या घटनापीठाने सरन्यायाधीशांचे कार्यालय माहिती अधिकाराच्या कक्षेत येते असा निकाल दिला. त्या पीठाचे बहुमताचे निकालपत्र लिहिले होते न्यायमूर्ती संजीव खन्ना यांनी, आणि १ एप्रिल २०२५ रोजी निवेदने संकेतस्थळावर ठेवण्याचा ठराव झाला तो तेच सरन्यायाधीश असताना. आपल्याच लेखणीतून उतरलेले तत्त्व साडेपाच वर्षांनी स्वतःपासून अमलात आणण्याची संधी त्यांना मिळाली आणि त्यांनी ती घेतली, याचे श्रेय त्यांना दिले पाहिजे. मार्चमध्ये दिल्ली उच्च न्यायालयाच्या एका न्यायमूर्तींच्या निवासस्थानी आग लागली, तेथे जळालेली रोकड सापडल्याचे आरोप झाले, त्यांनी ते नाकारले, आणि साऱ्या देशाचे लक्ष या विषयाकडे वळले, ही त्या ठरावाची पार्श्वभूमी होती हेही खरे.

दरम्यान एकदा हे दार उघडले होते. २००९ मध्ये केंद्र सरकारने न्यायाधीशांच्या मालमत्तेविषयी विधेयक आणले, पण घोषित केलेली माहिती लोकांना मिळणार नाही असे कलम त्यात होते. राज्यसभेत त्यावर एवढा विरोध झाला की ते तेव्हा मांडताच आले नाही. त्या उन्हाळ्या-पावसाळ्यात उच्च न्यायालयांतील काही न्यायाधीशांनी स्वतः होऊन आपली मालमत्ता जाहीर केली, ऑगस्टअखेर सर्वोच्च न्यायालयाच्या न्यायाधीशांनीही तसे ठरवले, आणि २ नोव्हेंबर २००९ रोजी निवेदने संकेतस्थळावर आली. पण 'स्वेच्छेने' हा शब्द ठरावात होता. पुढच्या वर्षांत नवे न्यायाधीश आले, जुने निवृत्त झाले, आणि ती प्रथा मागे पडत पडत नुसत्या नावांच्या यादीवर येऊन ठेपली. २०२५ च्या ठरावातही 'स्वेच्छेने' हा शब्द कायम आहे. या सेवेतील माझ्या दृष्टीने सर्वांत मोठी त्रुटी हीच. एकदा बंद पडलेली गोष्ट पुन्हा बंद पडू नये अशी व्यवस्था तिच्यात केलेली नाही.

दुसरी त्रुटी माझ्या धंद्याच्या नजरेला पहिल्या पाचच मिनिटांत दिसली : ठरलेला नमुना नाही. एका निवेदनात पंधरा वर्षांचा कर आहे, दुसऱ्यात कराचा उल्लेख नाही. कोणी सोने ग्रॅममध्ये देतात, कोणी रुपयांत. घराची खरेदी किंमत द्यायची की आजचा बाजारभाव, खरेदीचे वर्ष द्यायचे की नाही, कोणत्या तारखेची स्थिती द्यायची, यांपैकी कशाचेही बंधन नाही. आयुष्यभर ताळेबंद पाहिलेल्या माणसाला तारखेचे बंधन नसलेला मालमत्तेचा तक्ता अपुराच वाटणार. ३१ मार्च ही एक तारीख सर्वांना लावली, तर हीच निवेदने एका क्षणात एकमेकांशी आणि पुढच्या वर्षीच्या निवेदनाशी ताडता येतील.

आणि नमुना शोधायला कोठे दूर जायला नको. लोकसभा-विधानसभेच्या उमेदवाराला भरावा लागणारा नमुना २६ उघडून पाहावा. त्यात स्वतः, पती किंवा पत्नी, अविभक्त हिंदू कुटुंब आणि अवलंबून असलेले यांचे वेगवेगळे रकाने आहेत. जमीन स्वकष्टार्जित की वारसाने आलेली, खरेदीची तारीख काय, तेव्हाची किंमत काय, आजची काय, बँकेचे कर्ज किती, सरकारी देणे किती, आणि मागील पाच वर्षांच्या विवरणपत्रांत दाखवलेले उत्पन्न किती, हे सारे विचारले आहे. आमच्या भागातील शेतकरी उमेदवार हा नमुना भरताना घामाघूम होतात, सातबाऱ्यावर अजून आजोबांचेच नाव असते, गुंठ्यांचे एकर करताना चुका होतात, तरी तो भरला जातो. या नमुन्याचा पाया सर्वोच्च न्यायालयाच्याच २ मे २००२ च्या निकालात आहे. उमेदवाराची मत्ता आणि दायित्वे जाणून घेणे हा मतदाराचा अधिकार आहे, असे न्यायालयाने त्यात म्हटले. संसदेने तो अधिकार कायद्याने आवळला तेव्हा १३ मार्च २००३ रोजी पुन्हा निकाल देऊन तो मोकळा केला. इतरांसाठी इतका काटेकोर नमुना घडवून घेणाऱ्या संस्थेला स्वतःसाठी तो वापरणे अवघड जाऊ नये.

मात्र उमेदवाराचे शपथपत्र आणि न्यायाधीशाचे निवेदन यांचे हेतू थोडे वेगळे आहेत, आणि येथे या सेवेचा अधिक खोल विचार करावा लागतो. मतदाराला पाच वर्षांत संपत्ती किती फुगली हे पाहायचे असते. पक्षकाराला त्याबरोबर आणखी एक गोष्ट हवी असते : माझ्यासमोर बसलेल्या न्यायाधीशाचा माझ्या विरुद्ध पक्षाशी पैशाचा काही संबंध आहे का? १९९७ च्या त्याच दिवशी न्यायाधीशांनी स्वतःसाठी सोळा कलमांची आचारसंहिताही स्वीकारली होती. न्यायाधीशाने शेअरबाजारात सट्टा करू नये, प्रत्यक्ष वा अप्रत्यक्ष व्यापार करू नये, आणि ज्या कंपनीचे शेअर्स त्याच्याकडे आहेत तिचे प्रकरण, तो संबंध उघड करून हरकत नसल्याची खात्री केल्याशिवाय ऐकू नये, असे ती सांगते.

हे कागदावरचे कलम नाही, याचे उदाहरण नोव्हेंबर २००९ मध्येच दिसले. मुकेश आणि अनिल अंबानी यांच्या कंपन्यांमधील कृष्णा-गोदावरी खोऱ्यातील वायूचे प्रकरण तीन न्यायाधीशांसमोर सुरू होते. त्यांतील न्यायमूर्ती आर. व्ही. रवींद्रन यांच्याकडे दोन्ही कंपन्यांचे शेअर्स होते, आणि ते त्यांनी सुरुवातीलाच सांगितले होते. दोन्ही बाजूंची हरकत नव्हती म्हणून सुनावणी पुढे चालली. नंतर आपली मुलगी ज्या विधी संस्थेत काम करते ती एका पक्षकाराला सल्ला देते हे त्यांच्या लक्षात आले, तेव्हा ते ४ नोव्हेंबरला त्या प्रकरणातून बाजूला झाले. मालमत्तेची निवेदने संकेतस्थळावर येऊन तेव्हा दोनच दिवस झाले होते. शेअर्सचा संबंध निवेदनात दिसू शकतो, मुलीच्या नोकरीचा संबंध दिसत नाही. तो न्यायाधीशाच्या सदसद्विवेकातूनच पुढे येतो. म्हणून कोणतेही पान कितीही चांगले केले तरी ते सगळे काम करणार नाही हे मी मान्य करतो. पण जे पान करू शकते ते तरी त्याने करावे. कंपनीचे नाव न देता नुसती 'शेअर्स' अशी एकत्रित रक्कम लिहिली, तर पक्षकाराला हवी असलेली नेमकी गोष्टच निसटते. मला विचाराल तर शेअर्सची नेमकी रक्कम न देता ती अमुक ते तमुक रुपये अशा टप्प्यात दिली तरी चालेल, कंपन्यांची नावे मात्र प्रत्येकाने द्यावीत.

टप्प्यांची ही कल्पना माझी नाही, अमेरिकेची आहे. तेथील केंद्रीय न्यायाधीशांना १९७८ च्या कायद्याने दरवर्षी आर्थिक विवरण द्यावे लागते. प्रत्येक गुंतवणूक नावानिशी लिहायची, पण रक्कम अमुक ते तमुक डॉलर अशा टप्प्यात. आणि भाड्याने न दिलेले स्वतःचे राहते घर लिहायचे नाही. सुरक्षिततेला धोका असेल तर काही भाग झाकण्याची सोय आहे. आपल्याकडे नेमके उलटे घडते : राहत्या सदनिकेचा परिसर, शयनगृहे, सोन्याचे ग्रॅम हे सारे बाहेर येते, जे वाचून वर्तमानपत्राला मथळा मिळतो पण पक्षकाराच्या हाती फारसे काही लागत नाही. न्यायाधीशांच्या कुटुंबाच्या सुरक्षिततेची चिंता खरी आहे, आणि घरापेक्षा गुंतवणुकीवर भर दिला तर ती बरीच कमी होईल.

तरी अमेरिकेचा नमुनाही अनुभवाने सुधारावा लागला. सप्टेंबर २०२१ मध्ये वॉल स्ट्रीट जर्नल या वृत्तपत्राने ही विवरणे आणि खटल्यांच्या नोंदी एकमेकींशेजारी ठेवून दाखवले की २०१० पासून १३१ न्यायाधीशांनी अशी ६८५ प्रकरणे हाताळली होती, ज्यांत त्यांचे किंवा त्यांच्या कुटुंबाचे शेअर्स असलेली कंपनी पक्षकार होती. विवरणे त्याही आधी भरली जात होती, मागितली तर मिळतही होती. पण ती सहज शोधता येत नव्हती, म्हणून कोणाच्या ध्यानात आले नाही. मे २०२२ मध्ये तेथे नवा कायदा झाला, आणि विवरणे नावाने शोधता, क्रमाने लावता आणि उतरवून घेता येतील अशी संगणकीय यादी त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये सुरू झाली. हजार डॉलरहून मोठ्या शेअर व्यवहारांची माहिती ४५ दिवसांत देणेही बंधनकारक झाले. आपल्या पानावर पीडीएफ प्रती आहेत, त्या एकेक उघडून वाचाव्या लागतात. तीसेक न्यायाधीशांपुरते हे निभते. उद्या उच्च न्यायालयांचे सातशेहून अधिक न्यायाधीश यात आले तर निभणार नाही.

ते येतील का, हा वेगळा प्रश्न. मार्च-एप्रिल २०२५ च्या सुमारास वृत्तपत्रांनी केलेल्या मोजणीत देशभरातील उच्च न्यायालयांच्या न्यायाधीशांपैकी जेमतेम बारा-तेरा टक्क्यांची निवेदने जाहीर होती. केरळमध्ये जवळजवळ सर्वांनी ती दिली होती. आपले मुंबई उच्च न्यायालय त्या यादीत नव्हते. महाराष्ट्र, गोवा आणि दादरा-नगर हवेलीपर्यंतच्या माणसांचे दावे जेथे संपतात, त्या न्यायालयाबद्दल हे लिहिताना मला वाईट वाटते. त्याच न्यायालयाच्या देखरेखीखालील जिल्हा आणि तालुका न्यायाधीशांना मत्ता व दायित्वांचे विवरण सेवाशर्तींनुसार वरिष्ठांकडे द्यावेच लागते. संसदेच्या स्थायी समितीने ऑगस्ट २०२३ मधील आपल्या १३३ व्या अहवालात वरिष्ठ न्यायाधीशांसाठी सक्तीचा कायदा करावा अशी शिफारस केली आहे. माझेही मत तेच, मात्र नमुना न्यायपालिकेने स्वतः ठरवावा.

मालमत्तेच्या पानाबरोबर त्याच दिवशी आणखी एक तक्ता प्रसिद्ध झाला, त्याच्याकडे फार थोड्यांनी लक्ष दिले. ९ नोव्हेंबर २०२२ ते ५ मे २०२५ या काळात न्यायवृंदाने, म्हणजे नियुक्त्यांची शिफारस करणाऱ्या ज्येष्ठ न्यायाधीशांच्या मंडळाने (कॉलेजियमने), उच्च न्यायालयांसाठी मंजूर केलेली नावे त्यात आहेत : उमेदवार वकिलीतून आला की न्यायिक सेवेतून, शिफारस कधी झाली, अधिसूचना कधी निघाली, तो अनुसूचित जाती-जमाती, इतर मागास, अल्पसंख्य यांपैकी आहे का, स्त्री आहे का, आणि कोणा विद्यमान वा निवृत्त न्यायाधीशाचा नातेवाईक आहे का. नातेवाइकांचा हा रकाना मला विशेष धाडसाचा वाटला. न्यायालयाच्या आवारात वर्षानुवर्षे दबक्या आवाजात बोलली जाणारी गोष्ट न्यायालयाने स्वतः छापून दिली. उणीव एवढीच की पदाच्या उंबरठ्यावर उभ्या असलेल्या उमेदवाराची मालमत्ता कोठेच दिसत नाही. २०२३ मधील न्यायवृंदाच्या काही ठरावांत वकील उमेदवारांचे सरासरी व्यावसायिक उत्पन्न नमूद केलेले होते, म्हणजे उत्पन्न पाहिले जाते. नियुक्तीच्या दिवसाची मालमत्ता जाहीर झाली, तर पुढच्या प्रत्येक निवेदनाला मागे वळून पाहायला एक पक्का आधार मिळेल. आमच्या भाषेत सांगायचे तर आरंभीची शिल्लक लिहिल्याशिवाय खतावणी सुरू करता येत नाही.

एक गोष्ट भाषेविषयी. निवेदने इंग्रजीत आहेत. सर्वोच्च न्यायालय २०१९ पासून 'सुवास' या प्रणालीच्या मदतीने आपल्या निकालांची मराठीसह प्रादेशिक भाषांत भाषांतरे करून घेते. शंभर पानांचे निकालपत्र मराठीत येऊ शकते, तर दोन पानांचे निवेदनही येऊ शकेल, आणि ते येईपर्यंत हे पान तालुक्याच्या माणसाला दुसऱ्याकडून वाचून घ्यावे लागेल.

पाचपैकी तारे द्यायचे झाले तर मी या सेवेला तीन देईन. माहिती विनासायास आणि विनामूल्य मिळते याचा एक, काही न्यायमूर्तींनी बंधन नसताना दाखवलेल्या काटेकोरपणाचा एक, आणि नियुक्त्यांच्या तक्त्याचा एक. उरलेले दोन ठरलेल्या नमुन्यासाठी आणि 'स्वेच्छेने' या शब्दासाठी राखून ठेवले आहेत.

नोव्हेंबर २०२५ मध्ये आमच्या नगरपालिकेची निवडणूक पुन्हा लागली. नऊ वर्षांपूर्वी वजनाची चिठ्ठी घेऊन आलेल्या त्याच बाई या वेळी स्वतः उमेदवार म्हणून माझ्यासमोर बसल्या होत्या. शपथपत्र काढण्याआधी मी संगणकाचा पडदा त्यांच्याकडे वळवला आणि न्यायमूर्ती गवई यांचे निवेदन उघडले. ते तेव्हा सरन्यायाधीश होते. मी एकेक ओळ मराठीत वाचून दाखवली. अमरावतीचे घर, वारसाने. शेतजमीन, वारसाने. मग बँकेतील शिल्लक, सोने आणि देणी. त्यांनी मधेच थांबवून विचारले, "कर्ज पण लिहिलंय?" मी ती ओळ बोटाने दाखवली. त्या थोडा वेळ पडद्याकडे पाहत राहिल्या, मग पर्समधून सराफाची नवी चिठ्ठी काढली, सोसायटीच्या पीककर्जाचा दाखला काढला, आणि दोन्ही कागद माझ्यापुढे सरकवत म्हणाल्या, "लिहा साहेब. आणि उच्च न्यायालयाचं पान आलं की मला फोन करा, आमचं अपील अजून तिथंच आहे."